स्मरणाला वळण हवे

आमच्या वडिलांच्या अस्थी नेमक्या कोठे आहेत, हे आम्हांला सांगता येत नाही. हे वाक्य लिहिताना लाज वाटते. तथापि स्मरणाच्या बाबतीत आपल्या समाजाला चार कठोर शब्द सुनावण्याचे आम्ही योजले आहे, आणि दुसऱ्यांना बोल लावण्याआधी स्वतःचा अपराध कबूल करणे हेच पापनिवेदनाच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला शोभते.

शहरातल्या आपल्या दफनभूमींत जागा अपुरी. त्यामुळे साध्या कबरी काही काळाने पुन्हा उघडल्या जातात. त्या वेळी घरच्यांनी यावे, अस्थी गोळा कराव्यात आणि भिंतीतल्या कोनाड्यात नाव कोरून ठेवाव्यात, अशी रीत आहे. कोणी आले नाही, तर त्या अस्थी आवारातल्या सामायिक अस्थिकूपात जातात. वडिलांची कबर ठाण्यास, आम्ही डोंबिवलीस. मुदत संपत आल्याची सूचना वेळेवर मिळाली होती. एक रविवार लग्नात गेला, एक पावसात, एक नुसत्याच आळसात. अखेर गेलो तेव्हा त्या जागेवर दुसऱ्याच नावाचा नवा लाकडी क्रूस उभा होता. रखवालदाराने काही न बोलता कोपऱ्याकडे बोट केले. दोष त्याचा नव्हता. दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

आणि त्याच वर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला आम्ही मिस्सा मागितली होती. छायाचित्रासह स्मरणपत्रिका छापून वाटल्या होत्या. मोबाइलवर त्यांचा फोटो लावला होता व त्याखाली नातलगांनी हात जोडल्याची चित्रे पाठविली होती. मग वडिलांवर आमचे प्रेम नव्हते काय? होते. आठवण येत नव्हती काय? येत होती. पण मराठी भाषा येथे एक बारीक भेद करते, तो आम्ही विसरलो होतो. आठवण येते, स्मरण करावे लागते. येणारी गोष्ट वाऱ्यासारखी आली तशी जाते. करावयाच्या गोष्टीला वेळ लागतो, जागा लागते, शिस्त लागते. आपल्या आजीच्या शब्दांत सांगायचे तर वळण लागते. आमच्याकडे प्रेम होते, वळण नव्हते.

हेच आज आपल्या समाजाचे दुखणे आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आपण स्मरणाचे समारंभ वाढविले आणि स्मरणाची सवय मोडली. महोत्सवी वर्षाच्या स्मरणिका जाडजूड निघतात. देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक भिंतीवर दाटीने बसतात. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत फुलांचा खच पडतो. तीन तारखेला काय? समारंभ वाईट नाहीत. पण जो माणूस वर्षातून एकदाच जेवतो, त्याची मेजवानी कितीही मोठी असो, तो उपाशीच मरणार.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच अंगणात आहे. मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन द बॅप्टिस्ट देवळात लहानाचे मोठे झालेले किती तरी वाचक हे पान वाचतील. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्यात नोकरीस येणारे तर अगणित. त्यांना आम्ही विचारतो : १३२१ साली या ठाणे गावात काय घडले?

त्या वर्षी चार फ्रान्सिस्कन संन्यासी होर्मुझहून जहाजाने निघाले होते. जायचे होते कोल्लमला आणि तेथून पुढे चीनला. वाऱ्याने त्यांना ठाण्याच्या बंदरात आणून सोडले. तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे तिघे इटलीचे. चौथे दिमेत्रिउस हे तिफ्लिसचे, म्हणजे कॉकेशस पर्वताकडचे. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरूही होते. त्या काळी ठाण्यात पूर्वेकडील परंपरेच्या, ज्यांना नेस्टोरियन म्हणत अशा, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्याच एका घरी हे पाहुणे उतरले. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या १७७ वर्षे आधीची ही गोष्ट आहे, हे मुद्दाम सांगतो. कारण आपला धर्म पोर्तुगिजांच्या गलबतातून आला असे आपल्याला कोणी हिणवले की आपण मान खाली घालतो. उत्तर आपल्या गावातच पुरलेले आहे, पण ते आपल्याला तोंडपाठ नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमून आलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते गाव म्हणजे आपले कल्याणच मानतात. हेही कल्याणच्या किती घरांत बोलले जाते?

ठाण्यात पुढे काय झाले, ते त्यानंतर थोड्याच काळात येथे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने सांगून ठेवले आहे. जॉर्डनस कामानिमित्त बाहेर गेले असताना त्या यजमानाच्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला बेदम मारले. ती स्त्री काझीकडे दाद मागायला गेली. काझीने पुरावा विचारला. तिने सांगितले, आमच्या घरी चार परदेशी साधू आहेत, त्यांच्यादेखत हे घडले. तेथे बसलेल्या एकाने सुचविले, ते विद्वान आहेत, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी. पीटर सामानाची राखण करीत घरी राहिले; बाकीचे तिघे गेले. चर्चेचा वाद झाला, वादाचे दिव्य झाले, जेम्स यांना दोनदा अग्नीत उतरविले गेले व ते सुखरूप बाहेर आले, असे ओडोरिक सांगतो. पण अखेर त्या तिघांना आणि मागाहून पीटर यांनाही ठार मारण्यात आले. जॉर्डनस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

त्यानंतर ओडोरिक आला. त्याने ती कबर उघडली, अस्थी काढल्या, कापडात बांधल्या आणि त्या घेऊन तो समुद्रमार्गे चीनमधील झैतून बंदरापर्यंत गेला; कारण त्या चौघांना जायचे होते तेथे त्यांच्या बांधवांचा मठ होता. वाटेत मुक्कामाला तो त्या अस्थी उशाशी घेऊन झोपे. हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा आमच्या हातातले पुस्तक खाली गळून पडले. ओडोरिकने ते चौघे कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या अस्थी त्याने महासागर ओलांडून नेल्या. आणि डोंबिवलीहून ठाणे हे अवघे पाचवे स्थानक. तेवढे अंतर आम्हांला जन्मदात्यासाठी ओलांडता आले नाही.

रोमच्या हुतात्मा-सूचीत तोलेंतिनोचे थॉमस यांचे स्मरण ९ एप्रिलला येते आणि त्या नोंदीबरोबर ठाण्याचे नाव जगभर वाचले जाते. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या घटनेला सातशे वर्षे पूर्ण झाली. ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती. देवळे बंद होती हे कारण खरे. पण घरांना कोणी टाळे ठोकले होते काय? एक मेणबत्ती, चार नावे, एक ‘हे आमच्या बापा’. याला कोणाची परवानगी लागत होती? आम्ही ती मेणबत्ती लावली नाही, कारण तो दिवस आम्हांला ठाऊकच नव्हता. वसईकरांनी, नागासाकी येथे १५९७ मध्ये क्रुसावर प्राण दिलेल्या आपल्या गोन्सालो गार्सियांना विसरू दिलेले नाही. ठाणेकरांकडे एक नव्हे, चार हुतात्मे आहेत.

आता आमच्यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. एकेकाचा परामर्श घेतो.

पहिला आक्षेप सुशिक्षितांचा. ते म्हणतात, “सवयीने केलेली प्रार्थना ही पोपटपंची. मनापासून वाटेल तेव्हाच देवाला आठवावे. उगाच मणी ओढण्यात काय अर्थ?” ऐकायला हे फार उदात्त वाटते. प्रत्यक्षात याचा परिणाम काय झाला, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. मनापासून वाटण्याची वाट पाहता पाहता संध्याकाळची जपमाळ प्रथम दूरदर्शनच्या मालिकेपुढे हरली आणि आता तर घरातली चार माणसे चार मोबाइलांत मान घालून बसतात. जपमाळ गेली, आणि तिच्या जागी ते मनापासूनचे काही आले, असे घर आम्हांला अद्याप भेटायचे आहे.

या आक्षेपाचे खरे उत्तर आम्हांला ठाण्याच्याच एका दुसऱ्या समाजाने दिले. कोकणातले बेने इस्राएल लोक आपणांस परिचित आहेत. ठाण्यातील शार हाशामाईम हे त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले तेव्हा ग्रंथ गेले, गुरू गेले, भाषाही गेली. गावोगाव तेलाचे घाणे चालवून ते जगू लागले. पण शनिवारी घाणा थांबवायचा. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. अमुक मासा खायचा, अमुक नाही. आणि ‘शेमा’ ही आपली प्रार्थना प्रत्येक प्रसंगी म्हणायची. एवढी वळणे त्यांनी सोडली नाहीत. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पुढे शतकांनंतर त्यांच्या धर्मबांधवांनी त्यांना ओळखले, ते या सवयींवरून. प्रत्येक शनिवारी प्रत्येक तेल्याला काही उत्कट वाटत असेल काय? मुळीच नाही. पुष्कळांना तो केवळ घाणा बंद ठेवण्याचा दिवस वाटला असेल. पण भावना ओसरली त्या पिढ्यांतही सवयीने धर्म वाहून नेला, आणि भावना परतली तेव्हा तिला उतरायला घर शिल्लक होते. ठाण्यातील त्या पंधरा ख्रिस्ती घरांकडे पाहा. कारणे काहीही असोत, त्यांचा वारसा सांगणारे आज येथे कोणी नाही.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाचे वचन मुलांना कसे शिकवावे हे सांगितले आहे. तेथे सभागृहाचा उल्लेख नाही. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्याविषयी बोलावे, असे तेथे सांगितले आहे. प्रभूनेही शेवटच्या भोजनात शिष्यांना आपली आठवण ‘येऊ द्या’ असे म्हटले नाही. भाकर घेऊन, मोडून, वाटून दाखविली आणि हे आपल्या स्मरणासाठी करीत राहण्याची आज्ञा केली. आज्ञा करण्याची होती, वाटण्याची नव्हती. म्हणूनच ख्रिस्तसभा दररोज वेदीवर तेच शब्द उच्चारते. रोमन कॅनन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युखरिस्त प्रार्थनेत आजही फेलिसिटीचे नाव येते. ही २०३ साली कार्थेजमध्ये मारली गेलेली एक दासी होती. त्या काळच्या श्रीमंतांची नावे दगडांबरोबर झिजली. एका दासीचे नाव टिकले, कारण ते कोरून ठेवण्यावर न थांबता उच्चारले गेले.

दुसरा आक्षेप कष्टकऱ्यांचा आहे आणि तो आम्ही अधिक आदराने ऐकतो. “पहाटे पाचला उठायचे, डबे भरायचे, डोंबिवलीच्या फलाटावर जीव मुठीत धरून गाडी पकडायची, रात्री नऊला घरी. स्मरण करायचे कधी?” बंधुभगिनींनो, त्याच गाडीत उत्तर आहे. सकाळच्या गाडीत टाळ वाजवीत अभंग म्हणणारी भजनी मंडळे आपण रोज पाहतो. तीही माणसे पाचलाच उठलेली असतात, त्यांनाही साहेबाची बोलणी खावी लागतात. त्यांनी नामस्मरणासाठी वेगळा वेळ मागितला नाही. होता तोच वेळ नामाला दिला. कळव्याची खाडी आली की खिडकीशी बसलेला एखादा प्रवासी निर्माल्य पाण्यात सोडतो, हात जोडतो व पुन्हा वर्तमानपत्र उघडतो. त्याच्या श्रद्धेविषयी आपले मत काही असो, त्याचे वळण आपल्याला लाजविणारे आहे. आपण मात्र खिशातली जपमाळ मुठीत लपवितो, कोणी पाहील म्हणून.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. सैन्यात जखमी होऊन लंगडे झालेले, फारसे न शिकलेले. मठात त्यांना स्वयंपाकघर मिळाले. भांड्यांच्या खडखडाटात देवाच्या सान्निध्याचे भान ठेवण्याचा त्यांनी सराव केला. सराव हाच शब्द महत्त्वाचा, कारण आपले मन पुन्हा पुन्हा भरकटत असे आणि पुन्हा पुन्हा ते परत आणावे लागे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. १६९१ साली ते वारले. त्यांची पत्रे व संभाषणे नंतर छापली गेली आणि विद्वानांनी ती डोक्यावर घेतली. आपल्या घरातील पोळ्या लाटणारा हात आणि गाडीत कडी धरलेला हात याहून वेगळ्या साधनेच्या शोधात आपण का आहोत?

तिसरा आक्षेप आजच्या दिवसांत सर्वांत गंभीर आहे. “जुन्या हत्या उकरून काढू नका. मारणारे कोणत्या धर्माचे होते हे निघेल, आणि आगीत तेल पडेल.” ही भीती निराधार नाही. आज इतिहास पुष्कळांना दगडांच्या ढिगाऱ्यासारखा हवा असतो, हवा तेव्हा एक उचलून फेकायला. पण याला उपाय विस्मरण नव्हे. ज्याला नीट स्मरण करता येत नाही, त्यालाच इतिहासाचा दगड हाती देता येतो. ख्रिस्ती स्मरणाची रीत रोज वेदीवर आपल्यासमोर असते : आपण एका वधाचे स्मरण करतो, आणि त्याच भोजनापूर्वी शेजाऱ्याकडे वळून शांतीची खूण देतो. शिवाय पूर्ण गोष्ट लक्षात ठेवणाऱ्याला हेही आठवते, की ओडोरिकच्या वृत्तांताप्रमाणे दिल्लीच्या मुसलमान सुलतानाने त्या हत्येबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्यालाच कठोर शासन केले. अर्धवट आठवण द्वेष शिकविते. पूर्ण स्मरण न्याय शिकविते.

आणि पूर्ण स्मरणात ती स्त्री येते. आम्ही तिच्याबद्दल फार विचार केला आहे. या साऱ्या कथेत चार साधूंची नावे आहेत; तिचे नाव नाही. ती ठाण्याची होती, ख्रिस्ती घरातली होती, नवऱ्याचा मार खाल्लेली होती, आणि गप्प न बसता दाद मागायला गेली होती. ज्या ग्रीक शब्दातून ‘मार्टर’ आला त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. हे चौघे हुतात्मे होण्याआधी एका मारलेल्या बाईचे साक्षीदार म्हणून पुकारले गेले होते. आपल्या इमारतींच्या भिंती पातळ आहेत. शेजारच्या घरातले रडणे ऐकू येते आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवितो. ९ एप्रिलचे स्मरण आपल्या अंगवळणी पडले असते, तर तो आवाज वाढविताना आपला हात थोडा अडखळला असता, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे. स्मरणाची सवय ही केवळ मृतांची सोय नव्हे. ती जिवंतांची दक्षता आहे.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. नवा फलक नको, निधी नको, समिती तर नकोच. रात्री जेवायला बसण्याआधी घरातल्या एका मृताचे नाव घ्या. मुलांना ते घेऊ द्या, आणि त्यांनी कोण हो हे विचारले तर घास थांबवून सांगा. रोजच्या वाटेवरची एक जागा ठरवा, खाडीचा पूल म्हणा की कोळीवाड्यातला क्रूस म्हणा. ती आली की देवाचे नाव घ्यायचे, मन लागो वा न लागो. कबरीची मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि ९ एप्रिलला थॉमस, जेम्स, पीटर, दिमेत्रिउस ही चार नावे घरात मोठ्याने उच्चारा, आणि पाचवी ती निनावी बाई.

आम्ही आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी ठाण्याला जातो. कोपऱ्यातल्या त्या अस्थिकूपापाशी उभे राहतो. आत आमचे वडील कोणते हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून एकट्या त्यांच्यासाठी प्रार्थना करता येत नाही, तेथील सर्वांसाठीच करावी लागते. कधी मन भरून येते, कधी परतीच्या गाडीची वेळच डोक्यात घोळत असते. तरीही जातो. ज्यांच्या अस्थी न्यायला कोणी आले नाही, अशा त्या सर्वांच्या वतीने निदान एक माणूस तेथे येऊन उभा राहतो, आणि पुढच्या वेळी मुलगाही बरोबर यावा असा आमचा प्रयत्न आहे.